यांनी केलेली अळ्यांची साफसफाई

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच मानून घे). तुझी कंबर आणि भावोजींचा खोकला आता कसा आहे? शाळेच्या नळावर ओंजळीने पाणी पिताना माझा फ्रॉक भिजायचा आणि सिस्टरना दिसू नये म्हणून तू पुढे उभी राहायचीस, ते आज सकाळी उगाच आठवलं. सध्या या घरात पाठीशी घालण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि पाठीमागे तुझे मेहुणे आहेत.

त्याचं असं झालं. सूनबाईच्या संशोधनाच्या अळ्या आमच्या मागच्या गॅलरीत ट्रेमध्ये वाढताहेत. अळ्या चतुराच्या (हेलिकॉप्टरसारखे घिरट्या घालतात ना, ते; त्यांचं लहानपण पाण्यात जातं, हे मला या वयात कळलं). पाण्यातल्या जिवाणूंमुळे त्या आजारी पडतात की उलट आजारातून वाचतात, हे तिला पाहायचंय. पाणी तुझ्याच हौदातून नेलेलं, हिरवं, बुळबुळीत, ट्रेला थर धरणारं. अळ्या त्यात मजेत होत्या. पण हे म्हणजे साबणसुद्धा धुऊन ठेवणारा माणूस! सूनबाई कामासाठी परगावी गेली आणि यांना अळ्यांची दया आली. ट्रे घासून लख्ख केले, फिल्टरचं पाणी भरलं, आणि वर मला म्हणतात, "बघ, कशा खुलल्यात!"

खुलल्यात कसल्या! ती परत येईपर्यंत निम्म्या अळ्यांच्या पाठीवर पांढरी बुरशी, जणू कापसाची शाल पांघरलेली. सूनबाई मटकन स्टुलावर बसली. "बाबा, तो बुळबुळीत थरच त्यांची राखण करत होता हो! त्यातले जिवाणू बुरशीला जवळ येऊ देत नव्हते." आणि मग अबोला. वर्षभराची मेहनत होती तिची!

तेव्हापासून हे उरलेल्या अळ्यांसाठी घाण पाणी शोधत हिंडताहेत. (फुलदाणी झाली, कुंडीखालच्या बश्या झाल्या, पण सगळं यांनीच घासलेलं, मिळणार काय?) शेवटी बाटली घेऊन शेजारच्या वकीलबाईंच्या दारात उभे राहिले. "वहिनी, तुमच्याकडे जुनं, साचलेलं पाणी असेल ना?"

"आमच्याकडे?" बाई कडाडल्या. "तुमच्याच घरात असेल!"

"नाही ना हो," हे कळवळून म्हणाले, "तेच तर दुःख आहे."

सूनबाईने आतून ऐकलं आणि तिला हसू आवरेना. "बाबा, घरात या आधी, पुरे झाली शोभा!" अबोला तिथेच संपला. आता दोघं आळीपाळीने भिंगातून उरलेल्या अळ्या पाहतात, आणि एखादी हलली की लहान मुलांसारखे मला हाका मारतात. पण योग्य पाणी लवकर मिळालं नाही, तर याही जायच्या.

तुझी
धाकटी

ता. क. : भावोजी रविवारी हौद घासणार आहेत, असं तू फोनवर म्हणालीस. थांबव त्यांना. काहीही सांग, खोकल्याचं निमित्त कर.

आणखी एक ता. क. : हिरवं पाणी सूनबाईला. कडेचा थर खरवडून वेगळ्या डब्यात भर, तो यांना. स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये सोडतील, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. आणि डबे घेऊन जी येईल ती माझ्या वाट्याची, निदान पंधरा दिवस. असलं पाणी कुरियरनेही येतं, हे या दोघांना मुळीच कळवू नकोस.