उत्तरेच्या भिंतीतली कमान

सोम., १२ जाने.
ब्रिटनीच्या चर्चचं स्कॅन आलं. फ्रान्समधलं खेडं, मध्ययुगातलं गावचर्च, सगळं ग्रॅनाइट. पुण्यात, खराडीच्या ऑफिसात बसून दगडन् दगड स्क्रीनवर काढतेय. मनोरा देखणा, पण नंतर चढवलेला. खालचे खांब त्याच्या मानाने बारीक. उत्तरेच्या भिंतीबद्दल तिकडच्या रिपोर्टात एकच ओळ: अलीकडची दुरुस्ती, महत्त्व नाही. ती फोडून व्हीलचेअरसाठी दार पाडणार.

गुरु., १५
उ. भिंत अलीकडची नाही. वरचे थर नवे, खालचे जुने, आणि मधे सांध्यांची अर्धगोल रेघ. दोनदा तपासलं. कमानच.

रवि., १८
वारज्याला. बाबांना प्रिंट दाखवली. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. चष्मा पुसून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दार होतं. मागाहून बुजवलंय. बाजूच्या दगडांत गुंफलेलं नाही, नुसतं भरलंय." माझा आख्खा आठवडा, त्यांची तीन वाक्यं. आई म्हणाली, आधी जेवा, चर्च कुठे जात नाही. (जातंय, हाच तर प्रश्न.)

सोम., १९
ऑफिसात केतकर सरांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, आपलं काम रेषा काढायचं, इतिहास लिहायचं नाही. म्हटलं, रेषच सांगतेय. "मग तुमच्या नावाने लिहा." लिहिलं. 'कदाचित' एकदाही नाही.

बुध., २१
कॉल. आन मॅडम, तिकडच्या आर्किटेक्ट, रिपोर्ट त्यांचाच. त्यांनी विचारलं, चर्च प्रत्यक्ष पाहिलंय का? नाही. मग एवढी खात्री? बाबांचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं, बाबांचं म्हणूनच. मग म्हणाल्या, फोडण्याआधी आतला गिलावा काढून बघू.
कॉल संपल्यावर सर: "बरं बोललात." त्यांच्याकडून हा सत्कारच.

शुक्र., ३०
फोटो आला. गिलाव्यामागे कमान, कडेने तांबड्या रंगाची पुसट पट्टी. आन मॅडम रिपोर्ट बदलतायत. बाबांच्या नावाचं स्पेलिंग विचारलंय.
बाबांना फोन केला. खूश. पण लगेच, "मग नवं दार कशाला? हेच उघडा म्हणावं."
मापं काढली. व्हीलचेअर जाईल, जेमतेम. पण उघडायचं तर भराव काढायला हवा, आणि तोही काही कालचा नाही. कुणीतरी विचार करूनच बुजवलं असणार. दोन्ही बाजू लिहून पाठवल्या. उत्तर आलं: गावची सभा ठरवेल, पुढच्या महिन्यात.
माझं मत कोणी विचारलेलं नाही. तरी पाठवलेल्या मेलच्या शेवटच्या ओळीत घातलंय: उघडा.