नम्र खुर्चीचे परिपत्रक

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. रोज दोन पाने. संकल्प पक्का.
पुतण्याने केबिनमध्ये बोलावले. मालक आता तोच. फर्निचरच्या चार शाखा, आणि चौघींत अबोला. बाजार शाखेतून गिऱ्हाईक कपाट नाही म्हणून परत जाते, पूल शाखेत तेच कपाट धूळ खात उभे असते. म्हणाला, काका, मार्चअखेर शाखा एकमेकींशी बोलायला लागल्या पाहिजेत, मग तुमच्या एक्स्टेन्शनचं बघू. नाहीतर घरी आराम करा.
घरी आराम! घरी त्याची काकू आहे.

५ मार्च
निदान झाले. भाषा रूक्ष. 'स्टॉक पाठवा, अर्जंट' हे कोण लक्षात ठेवील? चौथीत बाईंनी पाठ करून घेतलेल्या कविता मला अजून येतात. खिडकीशी तिसरा बाक, बाहेर कडुनिंब, आणि सगळा वर्ग एका सुरात... काल काय जेवलो ते मात्र आठवत नाही. तेव्हा यापुढे हेड ऑफिसातून मी काढतो ती सर्व परिपत्रके पद्यात.

७ मार्च
पहिले परिपत्रक: जेवणाची सुट्टी अर्धाच तास. टाइप करताना ऑफिसातल्या टायपिस्ट मॅडमनी हळूच विचारले, काका, कोणी गेलं का? करुणरस साधला म्हणायचा.

१० मार्च
रोजनिशी राहिली. सर्दी.

१२ मार्च
कारखान्यातून मिस्त्रींचा फोन. तपकिरी फोल्डिंग खुर्चीचा खटका सरकतो, माणूस बसला की खुर्ची मिटते. विक्री थांबवा, आत्ताच्या आत्ता कळवा, म्हणाले. 'आत्ताच्या आत्ता' कविता होत नसते. शेवटच्या ओळीने दुपार खाल्ली, पण उतरली झकास:

तपकिरी खुर्ची माझी, नम्र किती, नम्र किती!
बसता पाहुणा, वाके, दाखविते त्यास क्षिती.

क्षिती म्हणजे जमीन, हे सुज्ञांस सांगणे न लगे. संध्याकाळी चारही शाखांना रवाना.

१३ मार्च
बाजार शाखेला फोन लावला, एंगेज. पूल शाखा, एंगेज. मॅडम म्हणाल्या, चौघी आपापसातच बोलताहेत, काकांना नक्की काय म्हणायचंय म्हणून.
रसग्रहण! आमच्या वर्गात तरी दुसरे काय चालायचे?

१४ मार्च
बाजार शाखेने माझी कविता जाहिरात समजून मोठ्या अक्षरांत काचेत लावली. खाली तीच खुर्ची, झेंडूचा हार घालून. डोळे भरून आले.
मिस्त्रींचे फोन येत होते. उचलले नाहीत. दुसरे कडवे चालू होते.

१५ मार्च
वहिनी, म्हणजे पुतण्याच्या आई, बाजार शाखेत गेल्या. कौतुकाने त्या खुर्चीवर बसल्या. मार मुका आहे, काळजीचे कारण नाही.
रात्री त्यांचाच फोन. म्हणाल्या, भाऊजी, तुमची कविता मला अगदी शेवटच्या ओळीपर्यंत समजली हो!
उभ्या आयुष्यात असा वाचक लाभला नव्हता.

१८ मार्च
पुतण्या जरा मोठ्याने बोलला. आईवर जीव आहे, चालायचेच.
मॅडम सांगत होत्या, आता माझे परिपत्रक आले की चारही शाखा आधी एकमेकींना आणि मग मिस्त्रींना फोन करतात. त्यासाठी मोबाइलवर ग्रुपही काढला आहे. मला त्यात घेतलेले नाही. वडीलधाऱ्यांचा संकोच वाटत असेल.

२५ मार्च
पूल शाखेचे कपाट एका फोनवर बाजार शाखेत पोचले! मीटिंगमध्ये पुतण्या म्हणाला, कम्युनिकेशन कधी नव्हे इतकं सुधारलंय. माझ्याकडे बघून म्हणाला. एक्स्टेन्शन एक नाही, दोन वर्षांचे मागावे.

३१ मार्च, सकाळ
ही पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. कशाला, म्हटले. म्हणाली, अहो, आज तुमचा निरोप समारंभ ना? हिला बाजार शाखेच्या मॅनेजरच्या बायकोने सांगितले. तिला पूल शाखेच्या ड्रायव्हरने. वॉचमनलाही माहीत होते म्हणे.
संपर्क सुधारला आहे, यात वाद नाही.

३१ मार्च, संध्याकाळ
पुतण्या म्हणाला, काका, काम फत्ते झालं, मग एक्स्टेन्शन कशासाठी? शिवाय वाकून नमस्कारही केला. मी आभाराची कविता नेली होती, पण चारही शाखांनी एकदम टाळ्या सुरू केल्या.
भेट म्हणून तपकिरी खुर्ची मिळाली. खटका दुरुस्त केलाय, असे वहिनी दोनदा म्हणाल्या. दोन्ही वेळा हसत.
खुर्ची गॅलरीत ठेवली आहे. बसा की आता, आराम करा, असे ही आतून म्हणते आहे.
हे उभ्यानेच लिहितो आहे.