कधीच न छापलेला डॉलर

सोमवार, ९ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प (आठवडाभर उशिरा, एक तारखेला भोपळ्याचं सूप जरा जास्त झालं): हेडमास्तर व्हायचं. जाकमेल गावात माझ्याइतका मॉडर्न मास्तर दुसरा नाही. वीसला इन्स्पेक्टर येणार, माझा नाण्यांचा तास बघणार, खुर्ची माझी. नाहीतर ती मादाम क्लेर्सिनच्या घशात जाणार. बाई अजून पाढे घोकून घेतात!

मंगळवार, १०
वर्गात खरी नाणी वाटली, माझ्या पगारातली. पाच गूर्दचं नाणं दाखवून विचारलं, हे किती? सगळा वर्ग ओरडला, "एक डॉलर!"
डोकंच फिरलं. आमचं चलन गूर्द, तरी अख्खा देश पाच गूर्दला डॉलर म्हणतो, पण हा आमचा डॉलर ना कोणी छापला, ना कोणी पाहिला. दुकानात भाव डॉलरमध्ये, नोटेवर गूर्द. पोरं जन्मभर पाचाने गुणत बसणार.
आजपासून वर्गात डॉलर म्हणेल त्याला पाच गूर्द दंड, वाटलेल्या नाण्यांतून. दंडाचा डबा मागदालाकडे. पोरगी भांडकुदळ आहे, कोणाला सोडणार नाही.

शुक्रवार, १३
पोरं सुधारली. दंड एकालाच, मला. मी फक्त म्हणालो, "डॉलर म्हणायचं नाही." मागदाला म्हणे, "म्हणालात की, मास्तर!" ते उदाहरण होतं, पण शिस्त म्हणजे शिस्त. भरला.

सोमवार, १६
पुन्हा मीच. पुन्हा पुन्हा. हवा दमट आहे, जीभ घसरते.

बुधवार, १८
विदलीन दारात पॅटिस विकते. बायको असली म्हणून काय झालं? तिने भाव सांगितला, "पाच डॉलर." मी आतून सुधारलं, "पंचवीस!" गिऱ्हाइकाने पंचवीस डॉलर ऐकले आणि शिव्या घालत गेला. विदलीन म्हणाली, "आता बस आणि सगळी तूच गीळ." सुधारकाला घरात किंमत नसते. (पॅटिस उत्तम होती.)

शुक्रवार, २०, संध्याकाळ
पोरांनी सोनं केलं! हिशेब फटाफट, सगळे गूर्दमध्ये. इन्स्पेक्टर खूश. म्हणाले, "आता सांगा, बूट पॉलिशला मी दहा डॉलर दिले..." मागदालाने डबा थेट त्यांच्या नाकाखाली खुळखुळवला. "दंड, साहेब!" माझी छाती फुगली. साहेब हसत खिशात हात घालून म्हणाले, "किती?"
पोरगी बोलायच्या आत मीच म्हणालो, "फक्त एक डॉलर, साहेब!"
वर्ग बाकांवर चढला. डबा माझ्याकडे वळला. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणजे खुर्ची पक्की.

शुक्रवार, २७
खुर्ची मादाम क्लेर्सिनला. साहेबांचा शेरा: वर्ग पास, मास्तर नापास.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पोरं खरंच शिकली होती हो.
रात्री विदलीनने विचारलं, पगार किती वाढला असता रे? म्हटलं, दोनशे डॉलर. मग माझं मीच पाच गूर्दचं नाणं काढून टेबलावर ठेवलं.
तिने ते उचललं. म्हणाली, "चला, एका डॉलरचं मीठ तरी येईल."
मी सुधारलं नाही. घरात मीठ नव्हतं.