माझ्या नावाला दुसरीचा आवाज

५ जानेवारी, सोमवार

लॉ कॉलेजचं चौथं सत्र सुरू. सुरुवात कुठे, तर भवानीनगरच्या अलीकडे, उसाच्या जोडट्रेलरच्या मागे. ट्रॅक्टरवाल्याची गाणी अख्ख्या एस.टी.ला सक्तीनं ऐकायला लागतात, त्याला मात्र मागचा हॉर्न ऐकू येत नाही. बारामतीला पोचेपर्यंत पहिला तास निम्मा झालेला. शिंदे सरांचा नियम: हजेरी तासाच्या सुरुवातीलाच, नंतर येणाऱ्यानं बसावं, शिकावं, पण गैरहजर. नियम मला मान्य आहे. ट्रेलर मान्य नाहीत.

ऑफिसात मोठे क्लार्क म्हणाले, या सत्रात हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, वय बघणार नाहीत. म्हटलं, वय बघा असं मी कधी म्हटलं? मागच्या सत्रात माझी हजेरी कशीबशी भरली होती. सर उशिरा आलेल्यांना मनातल्या मनात हजर धरत असावेत, असा माझा समज.

घरी विनायक विचारतात, अजून दीड वर्ष का? ते निवृत्त झाले तेव्हा बायको घरी सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी तहसील कचेरीतल्या त्या कारकुनाला दोष द्यावा. सातबाऱ्यावरचं सासूबाईंचं नाव कमी करायला मी गेले, तर मान वर न करता म्हणाला, “बाई, वकील घेऊन या.” आणतेच आहे.

७ जानेवारी, बुधवार

आज वेळेत. पूनमनं जागा धरून ठेवली होती. पूनम कोकरे, पणदऱ्याची, वर्गात माझ्या शेजारी बसणारी एकमेव हिंमतवान मुलगी. बाकीच्यांना वाटतं मी त्यांच्या आईला फोन करीन.

डबा तिचा: भाकरी, खरडा. माझा: सँडविच. म्हणाली, “मॅडम, हे खाऊन तुमी एवढं भांडता कसं?”

नकला फार करते. शिंदे सर, शिपाईमामा, बसस्टँडवरची घोषणा करणारी बाई. माझीही करते म्हणे, माझ्यासमोर नाही. अभिरूप न्यायालयात आमची जोडी आहे. मुद्दे माझे, उभी ती राहणार, कारण मी न्यायाधीशांनाच झापते असं सरांचं मत.

घरचं सांगत होती. वडील तात्या बाजूनं आहेत. पण घर चालतं ते थोरल्या चुलत्याच्या, अण्णांच्या, शब्दावर. त्यांची अट आहे: कॉलेजातून एक तक्रार आली की शिक्षण बंद. सांगवीकडचं एक स्थळ तयारच आहे. मी म्हटलं, अटीला कायद्यात काही आधार नाही. ती म्हणाली, अण्णांनी कायदा वाचलेला नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

राहवलं नाही. मागचं अख्खं बाक मोकळं, आणि त्याच्या वाटची हजेरी चार पोरं आलटून पालटून देतात. उद्याचे वकील! हात वर केला. म्हटलं, सर, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते मी, माणूस न बघता आवाज ओळखायचे. आता मान खाली घातलेल्या माणसाला एकच आवाज तीन नावांना उत्तर देतो हे कळत नसेल तर नवल नाही.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. पूनम वहीत बघत होती. मला वाटलं, हसू दाबते आहे.

१२ जानेवारी, सोमवार

पुन्हा ट्रेलर. स्टँडवरून रिक्षा, जिना जवळजवळ पळत. दार उघडं होतं. सर मान खाली घालून नावं घेत होते. “देशमाने नलिनी.” आणि मी तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं.

“प्रेझेंट, सर.”

माझा आवाज. सिस्टरांनी कॉन्व्हेंट शाळेत घोटून घेतलेला तो उच्चार, शेवटी थोडी चढवलेली मान सुद्धा ऐकू आली. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज ऐकले, स्वतःचा असा बाहेर उभं राहून पहिल्यांदा.

दोन श्वास थांबले असते तर? नाही थांबले. दारातूनच म्हटलं, “सर, देशमाने नलिनी इथं आहे. आत कोण आहे ते विचारून घ्या.”

मोठा हशा. मग हशा थांबला, कारण पूनम उभी राहिली होती. कुणी नाव घेतलं नव्हतं. आपणहून.

सर लाल. शुक्रवारी मीच त्यांना चारचौघांत बोलले होते, आज त्यांच्या हातात काठी आणि समोर ही. मागच्या बाकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिला सरळ प्राचार्यांकडे पाठवलं. मी जागेवर बसले. माझी पर्स शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

मागच्या सत्रातही तीच देत होती. मधल्या सुट्टीत एका पोरानं सांगितलं. “काकू, तुमची टर्म कुणी भरली असं वाटलं तुम्हाला?” काकू म्हटलेलंही चालवून घेतलं.

१३ जानेवारी, मंगळवार

प्राचार्यांकडे गेले. माझ्या नावावरची सगळी संशयास्पद हजेरी काढून टाका म्हटलं, दोन्ही सत्रांची. मुलीनं माझ्या भल्यासाठी केलं, मला माहीत नव्हतं, शिक्षा मला करा.

ते फार सौम्य माणूस. म्हणाले, “मॅडम, तुमचा हा छंद आहे. तिचं शिस्तीचं प्रकरण आहे.”

छंद! विणकाम करायला येते का मी इथं? चांगलंच सुनावलं. त्यानं पूनमचं काडीचं भलं झालं नाही हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

ठरलं ते असं: शुक्रवारी पूनमनं पालक आणायचे. मग समिती. समितीनं ठरवलं तर तिचं हे सत्र रद्द.

जिन्यात भेटली. डोळे कोरडे. म्हणाली, “तुमी नुसतं आत येऊन बसला असता, मॅडम. नुसतं.” आणि गेली. खालच्या पायरीवर पोचल्यावर मला खरं बोलणं चूक कसं, असं काहीतरी सुचलं. बरं झालं ती लांब गेली होती.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारपाजारच्या वाण देऊन गेल्या. गोड बोला म्हणून मला जरा जास्तच आग्रहानं सांगतात.

पूनमला फोन केला. उचलला तिच्या आईनं. हळू आवाजात बोलत होत्या. उसाच्या फडात तोडीची टोळी आलीय, तात्यांना हलता येत नाही, म्हणून शुक्रवारी कॉलेजला अण्णा जाणार. “त्यांनी ठरवूनच टाकलंय. आता काय हुतंय बाई.”

टोळी आली म्हणजे काय ते इथं राहून मलाही कळतं. कारखान्याची तोड कधी मिळेल ते शेतकऱ्याच्या हातात नाही. मिळाली की लग्न असो, मयत असो, मालकानं बांधावर उभं राहायचं. तोड गेली की गेली.

म्हणजे तात्या बांधावर, आणि अण्णा प्राचार्यांसमोर हो ला हो म्हणून पोरीला घेऊन येणार.

विनायकना म्हटलं, परवा पणदऱ्याला जाते. म्हणाले, तुझं तिथं काय काम? तेच तर बघायला जाते.

१६ जानेवारी, शुक्रवार

लिहायला बसले तर हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे.

सकाळीच पोचले. पहिला तास गेला, ते समजूनच निघाले होते. फड रस्त्याला लागून, घराच्या पुढ्यातच. तात्या सापडले. बारीक माणूस, टोपी मागे सरकलेली. मी कोण ते सांगितलं. एवढंच म्हणाले, “व्हय, पोरगी बोलली.”

म्हटलं, कॉलेजला तुम्ही जा, अण्णा नकोत.

“आवो बाई, मालक बांधावर नसला की हे बुडखं वीतभर उंच सोडत्यात. सगळी साखर बुडख्यात. शेंड्याचं वाडं वैरणीला कोण नेतंय, ते बघायचं. कोण थांबणार हितं?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कडक इस्त्रीची साडी, छत्री, बूट. हसले. पहिल्यांदा. “तुमी? फडात?”

सांगितलं, निम्मी नोकरी मी सुपरवायझर म्हणून ऑपरेटरांवर नजर ठेवण्यात घालवली आहे. त्यांच्यापेक्षा कामचुकार ऊसतोडे असतील तर दाखवा. मग त्यांनी पूनमला हाक मारली, मोटारसायकल काढली. पूनम माझ्याकडे न बघता मागे बसली.

मी उभी. कोयते चालू. एका बाईला म्हटलं, जरा खालून तोडा. ती न थांबता म्हणाली, “वाका की मग तुमीबी.” टोळी हसली. मी छत्री मिटली आणि प्रत्येक बुडख्याशी जाऊन उभी राहिले. लई खडूस हाय म्हातारी, असं मागून ऐकू आलं. पण तोड खाली आली.

दुपारी अण्णा आले. पांढरा शर्ट, कॉलेजला जायच्या तयारीत.

“तात्या कुठंय?”

“कॉलेजला.”

“मग फडावर कोण हाय?”

“मी आहे.”

मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, “तुमीच न्हाय का, पोरीला पकडून दिलेल्या?”

“हो. मीच.”

“लई बेस केलंत. माझं काम हलकं केलं.” चेष्टा नव्हती, खरंच आभार मानत होते. मला आयुष्यात कुणाच्या आभाराचा इतका राग आला नव्हता. ते पुढं बोलत राहिले: सत्र रद्द झालं की पुढं शिकायचा प्रश्नच न्हाय, उन्हाळ्यात लगीन, मुलगा चांगला आहे, ट्रॅक्टर स्वतःचा. मी म्हटलं, तो ट्रॅक्टर बहुधा रोज माझ्या एस.टी.पुढे असतो. त्यांना कळलं नाही.

तात्या परतले ते ट्रेलर भरत असताना. पूनम थेट घरात. तात्या म्हणाले, हात जोडले. प्राचार्य बरा माणूस. मंगळवारी समिती. मग अण्णांकडे एकदा बघून, माझ्या जवळ येऊन:

“प्राचार्यांनी एक इचारलं मला. म्हणाले, बाईंनीच सांगितलं असलं तिला, माझी हजेरी लाव म्हणून, तर गोष्ट येगळी. मोठ्या माणसाचं ऐकलं पोरीनं. नुसती समज देऊन सोडू.” थांबले. “सांगितलं व्हतं का मॅडम, तुमी?”

अण्णा ऐकत होते. ट्रॅक्टरवाला इंजिन चालू करून बसलेला. तात्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला दुसरीकडे बघावं लागलं.

“मंगळवारी समितीत सांगते,” म्हटलं. हे उत्तर नव्हतं. त्यांनी मात्र छत्री उचलून माझ्या हातात दिली.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी वहीचं पान मधोमध दुमडून दोन बाजू मांडल्या, वकिलासारख्या.

खरं सांगितलं तर: पूनमनं आपल्या मनानं केलं. सत्र जातं, अण्णांची अट लागू.

खोटं सांगितलं तर: पूनम सुटते, तक्रार माझ्या नावावर. ज्येष्ठ विद्यार्थिनीनं तरुण मुलीकडून फसवणूक करवली. माझं नाव निदान वर्षासाठी कमी होणार. नऊ तारखेला भर वर्गात मी जे भाषण ठोकलं, ते सगळ्यांना आठवणार. मागच्या बाकाला दिवाळी.

इथं आज्ञा पाळलेली पोर निर्दोष, आणि आपणहून दुसऱ्याचं भलं करणारी गुन्हेगार. कुठल्या पुस्तकात बसवायचं हे?

विनायकना सांगितलं. ते म्हणाले, खोटं बोलून वकील व्हायला निघालीस तर लवकर होशील. मी ताट जोरात ठेवलं.

१९ जानेवारी, सोमवार

बारामती स्टँडवर पूनम उभी. माझी वाट बघत. आज गाडी वेळेत होती आणि मला उतरायला नको झालं होतं.

म्हणाली, “तात्यांनी सांगितलं मला, तुमाला काय इचारलं ते. तुमी खोटं बोलू नका.”

मी म्हटलं, तो माझा प्रश्न.

“तसं न्हाय. तुमाला येतच न्हाय. तोंडावर दिसतं. पकडल्या जाल, मग दोघी जाऊ.” थोडं हसली का? वाटलं तसं. मग रागानं: “मी उपकार केला नव्हता मॅडम. तुमी नसल्या की वर्गात कंटाळा येतो.”

कॉलेजपर्यंत दोघी चालत गेलो. वर्गात ती शेजारी बसली. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. हजेरी झाली. शिंदे सर आता मान वर करून नावं घेतात.

समिती उद्या दुपारी. आधी मला बोलावणार, मग तिला. ती आत काय सांगणार ते तिनं सांगितलं नाही. मी काय सांगणार ते मला...

संध्याकाळी ओट्याशी भाजी चिरताना मोठ्यानं म्हणून पाहिलं. “मीच तिला तसं सांगितलं होतं.”

विनायक बाहेरच्या खोलीतून उठून आले. कुणाला, काय सांगितलं होतंस?

म्हटलं, पटलं का तेवढं सांगा.

त्यांनी विचार केला. नाही म्हणाले. “तू कुणाला मदत मागशील हेच पटत नाही.”

सुरी खाली ठेवली. ते तिथंच दाराला टेकून उभे राहिले, पुन्हा म्हण म्हणाले. पुन्हा म्हटलं. या वेळी हळू.