जूनमधली दहा दिवसांची फट

९ मे

हडपसरला अमेयकडे जेवायला. आमटी वाढता वाढता चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही एवढं वाचता. मे संपताना, जूनच्या सुरुवातीला कुठे हवा बरी असते, सांगा ना. आणि गर्दी नको." सूनबाईंनी, रुचीने, पुस्ती जोडली, "मुख्य म्हणजे गर्दी नको."

चाळीस वर्षं गावोगावी व्यासपीठावरून लोकांना काय करावं ते सांगत आलो. घरातून विचारणा प्रथमच. बघतो म्हणालो.

गेल्या वर्षीचं महाबळेश्वर आठवलं की अजून डोकं तापतं. पसरणी घाटात तीन तास गाड्यांची रांग. पॉइंटवर दरीकडे पाठ करून दरी बघणारी जमात. थंड हवेसाठी वर जायचं आणि खालचा सगळा गोंगाट सोबत न्यायचा.

११ मे

सकाळपासून नकाशे, जुनी गॅझेटियरं, पावसाचे तक्ते. मजा येते आहे. कबूल करायला हरकत नाही.

हिमालय बाद. डेहराडूनला स्थायिक झालेल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. म्हणाला, "सर, इथे आता डोंगर दिसत नाहीत, नंबरप्लेटी दिसतात." आपला सह्याद्री जूनच्या तोंडावर ढगाळ आणि चिकचिकीत. चिखलदऱ्याबद्दल शेजारच्या अमरावतीकरांना विचारलं. ते म्हणाले, "पाऊस पडल्यावर या, आत्ता आम्हीच तिकडून पळून आलोय."

नलिनी म्हणाली, "अहो, एखादं नाव सांगून मोकळे व्हा. प्रबंध नकोय त्यांना."
पत्नीला माझ्या अभ्यासाबद्दल इतकाच आदर.

१४ मे

सापडलं.

हवा शोधत बसलो होतो, शोधायला हव्या होत्या शाळा. कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीस उघडतात. केरळ, तामिळनाडू जूनच्या पहिल्या दिवसांत. आपल्या मात्र मध्यावर. म्हणजे दक्षिणेतले डोंगर रिकामे झालेले असतात आणि आपली पोरं अजून मोकळी असतात. दहा दिवसांची फट. देशभर लोक मे महिन्यात एकमेकांच्या डोक्यावर बसतात आणि ही फट उघडी पडलेली असते, कुणी बघतही नाही.

आता पाऊस. निलगिरीच्या पश्चिम उतारावर तो जूनमध्ये कोसळतो. पूर्वेला, कोटगिरीकडे, डोंगर आडवा येतो म्हणून कमी. चहाचे मळे, ढग, दुपारीही शाल लागावी अशी हवा. कोटगिरीच.

एक घर शोधलं, पाहुणे ठेवणारं. मालकीणबाई निवृत्त परिचारिका. हिंदीत बोललो. जूनचा पहिला आठवडा पूर्ण रिकामा आहे म्हणाल्या. माझा नंबर लिहून घेतला.

१७ मे

हडपसरला जाऊन विषय मांडला. पर्याय, खंडन, निष्कर्ष, या क्रमाने. रुचीने मध्येच फोन उघडला. "बाबा, स्पेलिंग सांगा फक्त." सांगितलं आणि पुढे चालू ठेवलं. तिकडे गाडी न्यायला आधी ऑनलाइन पास काढावा लागतो, तेही सांगितलं. सई, माझी नात, नऊ वर्षांची, सोफ्याच्या टोकाला बसून पायाने उशी ढकलत होती. तिला विचारलं, "काय मग, कोटगिरी?" "हं," म्हणाली.

मंजूर. या घरात माझा ठराव एकमताने पास होण्याची पहिली वेळ.

१९ मे

६ जूनची तयारी सुरू. राज्याभिषेक दिनाचं व्याख्यान, लोणी काळभोर, सलग बाविसावं वर्ष. विषय यंदा "राज्य कुणासाठी". टिपणं काढली, दोन जागी अजून धार हवी.

नलिनीला म्हणालो, सहाला व्याख्यान झालं की सातला पहाटे निघू, आपल्या शाळा उघडायच्या आत परत येऊ. ती भाजी निवडत होती. "हं," म्हणाली.

या घरात सध्या सगळे "हं" म्हणतात.

२२ मे

दुपारी कोटगिरीहून फोन. मालकीणबाई. बुकिंगचे पैसे मिळाले, धन्यवाद. ३ ते १०, तीन मोठे, एक लहान. लहानासाठी वेगळी गादी लागेल का, एवढंच विचारायचं होतं.

तीन मोठे.

म्हणालो, लागेल. एवढंच बोललो. आयुष्यातलं सर्वांत लहान वाक्य असावं.

अमेय, रुची, नलिनी. मोजायला वेळ लागला नाही. तीन ते दहा, मध्ये सहा तारीख. ती मी सोडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फट मी शोधून दिली आणि त्यांनी ती नेमकी माझ्यापुरती बंद करून घेतली.

२३ मे

नलिनीला विचारलं. तिने नाकारलं नाही, त्याचाच राग जास्त आला.

"तुझं केव्हापासून ठरलंय?"
"पंधरा दिवस झाले."
"म्हणजे मी नकाशे घेऊन बसलो होतो तेव्हा?"
"तुम्ही खुशीत होतात. म्हटलं, असू दे."
"मला विचारायचं तरी."
"विचारलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं. मग मी ऐकून घेतलं असतं. मग तुम्ही आला असतात."

मग कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता, "मला आठ दिवस कुणाचं काही ऐकायचं नाहीये हो. रागावून नाही सांगत."

बेचाळीस वर्षं. माझ्या पहिल्या सभेला ती पहिल्या रांगेत होती. वाटायचं, ऐकते आहे.

२४ मे

काल संध्याकाळी जेवलो नाही. कुणाचं काही अडलं नाही.

महाबळेश्वरला घडलं काय, ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे उगाच वाढवून सांगितलं जाणार नाही. हॉटेलचं जेवणघर. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ बघत होतं. ताटात निम्मं अन्न टाकलेलं. दोनदा विनंती केली. तिसऱ्यांदा उभा राहिलो आणि सगळ्यांना उद्देशून बोललो. सार्वजनिक जागा म्हणजे काय, अन्न म्हणजे काय, दुसऱ्याच्या कानावर आपला हक्क आहे का. एक शब्द चुकीचा नव्हता. आजही तेच बोलेन. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नलिनीचं त्यावरचं मत तेव्हाच ऐकलं होतं. "टाळ्या तुम्ही खाली बसलात म्हणून होत्या."

भित्र्यांच्या घरात राहतो मी. चुकीचं दिसलं की ताटात बघायचं, याला हे लोक शांतता म्हणतात.

२६ मे

अमेय आला. एकटा. चहा घेतला नाही म्हणजे बोलायला आला होता.

मी सुरुवात केली. मुद्दे तयार होते. विश्वासघात, लपवाछपवी, बापाची बुद्धी वापरायची आणि बाप नको. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बाबा, सई म्हणाली, आजोबा असतील तर मी येत नाही."

विचारलं, का म्हणून. महाबळेश्वरला त्या जेवणघरात तिच्या शाळेतली एक मुलगी होती म्हणे. मी बोलत असताना सई टेबलाखाली जाऊन बसली. कुणीतरी माझं चित्रण केलं, ते शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर फिरलं. वर्गात पोरं माझ्यासारखा हात उंचावून दाखवायची. वर्षभर. मला कुणी सांगितलं नाही.

"मी बरोबर होतो की नाही, एवढं सांग."
"बरोबर होतात. तुम्ही नेहमीच बरोबर असता, बाबा. आम्ही कुठे नाही म्हणतोय."

तो गेल्यावर ती टेबलाखालची जागा डोळ्यांपुढून जाईना. मी किती वेळ बोललो असेन? अर्धा तास? ती तितका वेळ

२७ मे

काही लिहिण्यासारखं नाही. टिपणं फाडली नाहीत, पण वाचावीशीही वाटली नाहीत. "राज्य कुणासाठी."

२८ मे

निर्णय घेतला. लोणीला तात्यांना फोन केला. एकवीस वर्षं हा माणूस मंडप उभारतो आणि मला न्यायला गाडी पाठवतो. म्हटलं, तात्या, यंदा जमत नाही, घरचं काम निघालंय. वाटलं, विनवण्या करील. त्या नाकारायच्या कशा, याची वाक्यंही जुळवून ठेवली होती.

तात्या म्हणाले, "असं हाय व्हय. काय अडचण न्हाई सर. खरं सांगू का, पोरं दोन वरसं म्हनत्यात, त्या मोबाइलवर बोलतोय त्या नव्या वक्त्याला बोलवा. तुमाला कसं सांगावं म्हनून आमीच थांबलो व्हतो. बरं झालं तुमीच फोन केला."

मग खूप आपुलकीने, "सत्काराला मात्र यायचं बरं का, कवाबी."

त्यागाची तयारी करून गेलो होतो. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकवीस वर्षं त्या मांडवात मी जनतेच्या वतीने बोलत होतो, जनतेला विचारायचं राहून गेलं.

२९ मे

सहा तारीख मोकळी. कुणाला सांगितलेलं नाही. नलिनी बॅग भरते आहे, माझ्या नजरेला नजर न देता. आज म्हणाली, "डबेवाल्या बाईंना आठ दिवसांचं सांगून ठेवलंय. तुम्हाला भाकरी चालेल ना रात्रीची?" चालेल म्हणालो.

अमेयच्या गाडीत मागे तिघांची जागा आहे. नलिनी, सई आणि मध्ये सामान ठेवणार असतील.

मागायचं कसं, हे कळत नाही. हजारोंच्या सभेत कागद हातात न घेता दोन तास बोललो आहे. आज सकाळपासून दोन वाक्यं जुळवतो आहे आणि प्रत्येक वेळी तिसरं वाक्य त्यांच्यावरचा आरोप होतं.

१ जून

बसने हडपसरला. आधी फोन केला नाही. अमेय ऑफिसच्या कामात, रुची खाली भाजीला. सईने दार उघडलं. बरंच झालं.

तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे दुखले. म्हटलं, महाबळेश्वरला तुला लपावं लागलं, ते मला माहीत नव्हतं. माफ कर.

ती टेबलावर पट्टी फिरवत होती. म्हणाली, "तिथे कोटगिरीला कुणी मोठ्याने व्हिडिओ लावला तर तुम्ही बोलाल?"

लगेच "नाही" म्हणायचं होतं. एवढी साधी गोष्ट. मी थांबलो. खोटं बोलायचं नाही, या एकाच गोष्टीवर आयुष्यभर उभा राहिलो, आणि नऊ वर्षांच्या पोरीपुढे तेच आडवं आलं.

"तिथे माणसंच फार नसतात," म्हणालो. "म्हणून तर ती जागा निवडली."
"पण असली तर?"
"प्रयत्न करीन."
"म्हणजे बोलाल."

रागाने म्हणाली नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं. मग पट्टी खाली ठेवली. "मग मी कुठे जाऊ? तिथे तर आपण सगळे एकाच घरात असणार."

टेबलाला धरून उठलो. रुची पिशव्या घेऊन आली. "अगंबाई, बाबा, चहा टाकू?" थांबलो नाही. बसमध्ये एक पोरगा फोनवर गाणी लावून बसला होता, हेडफोनशिवाय. हडपसर ते स्वारगेट मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

२ जून

उद्या पहाटे पाचला अमेय आईला न्यायला येणार. मग रुची आणि सईला घेऊन बेंगळुरू रस्ता.

दुपारी त्याला फोन केला. म्हटलं, सहा तारीख सुटली आहे. गाडीत जागा असेल तर येईन, नसेल तर नाही. दोनच वाक्यं. तिसरं तोंडाशी आलं होतं, गिळलं.

त्याने विचारलं, "लोणीचं व्याख्यान?"
"दुसऱ्या कुणाला दिलंय."
"तुम्ही दिलंत?"
"त्यांनी."

पलीकडे शांतता. मी बोलून ती भरली नाही. मग तो म्हणाला, "सईला विचारतो, बाबा. तिने नाही म्हटलं तर मी तिला समजावणार नाही. चालेल?"

चालेल म्हणालो. चालत नाही. पण समजावून, वाद जिंकून तिच्या शेजारची जागा मिळवायची तर ती आत्ताच मिळवू शकलो असतो. तेच तर करत आलो.

साडेसात झाले. फोन नाही. हॉलमध्ये नलिनीची बॅग बंद करून उभी केली आहे. मघाशी ती आत गेली, वरच्या कपाटातून माझा तपकिरी स्वेटर काढला, झटकला आणि पलंगावर ठेवला. बॅगेत नाही, पलंगावर.