डब्याच्या तळाचा कागद

प्रिय आईस,

कागदावरूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवते.

दादाच्या औषधांच्या डब्यात तू तळाला घातलेला, गोळ्यांच्या माहितीचा जुना कागद पोचला, आणि काल मी तो कंपनीच्या पेटंटविरुद्धच्या सुनावणीत पेटंट ऑफिसातल्या साहेबांपुढे ठेवलासुद्धा! कंपनी म्हणते, दादाची ही गोळी पाण्यात विरघळवून देणं हा आमचा नवा शोध. आणखी वीस वर्षं दुसऱ्या कुणी तशी गोळी बनवायची नाही. आणि तुझ्या कागदावर त्याच कंपनीने बारा वर्षांपूर्वी छापलंय, ‘गिळता येत नसेल तर पाण्यात विरघळवून द्या.’

त्यांचा वकील कागदावरचा तेलाचा डाग बघून हसला. मी म्हटलं, “डाग आमचा आहे, वकीलसाहेब. मजकूर तुमचा.”

निकाल यायचाय. विरोधात गेला तरी मी गप्प बसणार नाही, वरच्या कोर्टात जाऊन भांडेन.

दादा जिना चढतो का गं आता?

आणि हो, कागदाच्या घडीत अर्धी गोळी सापडली. पुरवून पुरवून देतेस ना त्याला? आजपासून अख्खी द्यायची. काटकसर करायचीच तर माझ्या काळजीत कर, त्याच्या गोळीत नको.

तुझी भांडखोर
धाकटी