माझ्या भालेकऱ्यांचा ताबा सरोजकडे

मी, कुमारी शेवंती गोमाजी भोईर, वय वर्षे चौसष्ट, मूळची कोलशेतची, राहणार डोंबिवली पूर्व, ठाण्याच्या एका वकिलांच्या कचेरीतून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वतः टंकित करीत आहे. बुद्धी शाबूत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न भाचा हरिहर याने केला, तो फसला. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. मी परत येणार आहे, तरी कागद केलेला बरा.

१. राहता फ्लॅट हरिहरची पत्नी सरोज हिला, तिच्या एकटीच्या नावे. हरिहरने त्यात खुशाल राहावे, मालकी सांगू नये. बांगड्याही सरोजला.

२. कोलशेतच्या मिठागरातला माझा हिस्सा भावाने मला न विचारता विकला. तो हक्क मी कोणाला देत नाही आणि सोडतही नाही.

३. हरिहरने मस्कतहून आणलेल्या ‘काळ्या घाटाचे राज्य’ या खेळातले माझे शिशाचे सर्व भालेकरी सरोजला. ते एकत्र ठेवावेत.

या खेळात टेबलावर डोंगर, दलदल आणि किल्ले मांडतात. सैन्य घ्यायला दोघांना सारखेच गुण मिळतात. एका ड्रॅगनच्या गुणांत दहा भालेकरी येतात. हरिहर दर वेळी ड्रॅगन घेतो, मी भालेकरी घेते. इंग्रजी नियमपुस्तक आमच्यात मी एकटीने वाचले आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी छडी मारून शिकवलेले वाया गेले नाही. हरिहर चित्रे बघून खेळतो.

“आत्या, हे भालेवाले फुकट मरतात गं. विकून टाक, मस्त ड्रॅगन येईल,” असे तो म्हणाला होता.

“मग तुझा ड्रॅगन दर रविवारी कुणाच्या पायाशी पडतो रे?” असे विचारल्यावर त्याने चहा मागितला.

सरोजने मात्र नीट विचारले होते, “आत्या, स्वस्त म्हणजे हे मरायलाच आणलेत ना?”

“मरायला नाही. उभं राहायला.”

तिने एवढे पाळावे. भालेकरी उघड्या मैदानात नेऊ नयेत. मिठागराच्या बांधासारखी अरुंद जागा धरावी, दोन्हीकडे दलदल असेल अशी. रांगा दोन, पुढची थकली की मागची पुढे. आपण धावून जाऊ नये. घोडेस्वाराचा सगळा जोर धावण्यात असतो, तो भाल्यांवर येऊन संपतो. ड्रॅगनला कोणाला मारायचे असेल तर खाली उतरावेच लागते. तो एकावर उतरला की बाकीच्यांनी तीन बाजूंनी घेरावे. तो एक भालेकरी जाईल. जाऊ द्यावा, पण त्याच्या बदल्यात रांगांमागे ठेवलेल्या आपल्या तिरंदाजांना एक खेळी मिळालीच पाहिजे.

४. हॉलमध्ये माझा आणि हरिहरचा डाव अर्ध्यावर आहे. वर्षाच्या विजेत्याला आम्ही ढाल देतो, यंदाची त्यावर ठरेल. माझे भालेकरी बांधावर उभे आहेत आणि त्याचा ड्रॅगन उतरायला जागा शोधतो आहे. अशा वेळी काल तो म्हणाला, “तुला काही झालं तर डाव रद्द, आत्या. वाईट वाटून घेऊ नकोस.”

वाईट वाटले नाही, संताप आला. गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली तेव्हा त्यानेच नियम केला, की खेळाडूला बसता आले नाही तर त्याने लेखी नेमलेला माणूस खेळेल. कागदावर दोन साक्षीदार, त्यातला एक प्रतिस्पर्धी. मी निमूट सही केली होती. आता तो म्हणेल, हा नियम आजाऱ्यासाठी आहे. मेलेल्या माणसालाही बसता येत नाही, हे त्याने ध्यानात घ्यावे.

माझ्या जागी सरोज बसेल. आजवर तिला त्या टेबलाशी फक्त फासे उचलून द्यायला बसवले. “तिला काय कळतंय” हे वाक्य या घरात पुन्हा ऐकू येऊ नये.

५. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, हा आमच्या कचेरीचा शिरस्ता. हरिहरची सही मला हवी आहे, म्हणून त्याला काहीही ठेवलेले नाही.

६. मी बरी होऊन घरी आले, तरी सरोजने त्या खुर्चीवरून उठू नये. फासे मी उचलून देईन.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

शेवंती गोमाजी भोईर
डोंबिवली पूर्व, रविवार, २३ ऑक्टोबर १९९४

साक्षीदार:
१. विमलाबाई केणी, शेजारी
२. हरिहर दाजी भोईर, प्रतिस्पर्धी. डाव चालू समजावा.